ब्रेकचा डबा आणि त्याचे बोल्ट

गावात आता बैलगाड्या कमी झाल्या आणि पिकअप वाढल्या. भाजी पिकअप नेते, दूध पिकअप नेते, लग्नाचे वऱ्हाडही तीच नेते. कोणी गाडी चालवतो, कोणी नुसता मागे बसतो. पण घाट उतरताना सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीवर असतो. ती म्हणजे ब्रेक.

आज ब्रेकच्या एका भागाची माहिती घेऊ. ज्या गाडीचे इंजिन पुढे आहे तिचे बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या समोर, इंजिनाच्या मागे, पत्र्याची एक उभी भिंत असते. त्या भिंतीला टेकून एक काळा गोल डबा बसवलेला दिसेल. लहान ताटाएवढा त्याचा घेर. त्याच्या पुढे नळकांड्यासारखा एक भाग आणि त्यावर ब्रेक ऑइलची प्लॅस्टिकची बाटली. नळकांड्याला म्हणतात मास्टर सिलिंडर. काळ्या डब्याला म्हणतात बूस्टर. बूस्टर म्हणजे जोर वाढवणारा.

हा जोर येतो कुठून? डब्यात ना मोटार, ना तेल. डब्यात काहीच नाही, म्हणूनच जोर आहे. हे ऐकून वर्गात सगळे हसतात. हसा, पण पुढे वाचा.

आपल्या चारी बाजूंनी हवा आहे. हवेला वजन आहे. समुद्राकाठी हवा दर चौरस सेंटीमीटर जागेवर सुमारे १ किलोचा दाब देते. नखाएवढ्या जागेवर एक किलो! आपल्याला तो कळत नाही, कारण शरीराच्या आतूनही तेवढाच दाब असतो. आतली हवा काढून घेतली, की बाहेरच्या हवेचा दाब दिसू लागतो. जुनी माणसे तुंबडी लावत. तुंबडीतली हवा ओढून घेतली की कातडी फुगून तुंबडीत चढते. लोक म्हणत, तुंबडी ओढते. खरे पाहता बाहेरचा दाब कातडीला आत ढकलतो.

मी शाळेत असताना मुलांना दरवर्षी एक प्रयोग दाखवत असे. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा. त्यात पेलाभर पाणी टाकून चुलीवर ठेवायचा. झाकण उघडे ठेवायचे, हे महत्त्वाचे. झाकण लावून डबा कधी तापवू नये, तो फुटतो. वाफेने आतली हवा बाहेर घालवली, की डबा चुलीवरून खाली घ्यायचा आणि मग झाकण घट्ट लावायचे. वरून थंड पाणी ओतले, की आतल्या वाफेचे पाणी होते आणि आत पोकळी राहते. मग काय होते? डबा कडकड वाजतो आणि कोणी लाथ मारल्यासारखा चेपतो. पोरे टाळ्या वाजवत. वाजवायलाच हव्यात. कोणी हात न लावता नुसत्या हवेने डबा चेपला.

जर्मनीत माग्देबुर्ग नावाचे शहर आहे. तिथल्या ओटो फॉन गेरिके यांनी १६५७ साली हीच गोष्ट मोठ्या थाटात दाखवली. तांब्याच्या दोन मोठ्या वाट्या तोंडाला तोंड लावून ठेवल्या. पंपाने आतली हवा काढली. मग एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ घोडे जुंपले. सोळा घोड्यांनाही त्या वाट्या सुटता सुटेनात. आत हवा सोडल्यावर त्या सहज वेगळ्या झाल्या.

गाडीचा बूस्टर म्हणजे अशाच दोन वाट्या. त्या पत्र्याच्या असतात. एक पुढची, एक मागची. दोघींच्या कडा दाबून एकमेकींत अडकवलेल्या असतात. आणि मध्ये रबराचा एक पडदा ताणलेला असतो. पडद्यामुळे डब्यात दोन खोल्या होतात. एक इंजिनाकडची, दुसरी ड्रायव्हरकडची.

पुढच्या खोलीला एक जाड रबरी नळी जोडलेली असते. पेट्रोलच्या गाडीत ही नळी इंजिनाकडे जाते आणि इंजिनच हवा ओढून घेते. डिझेलच्या इंजिनाची ओढ पुरत नाही. म्हणून तिथे हवा ओढायला वेगळा लहान पंप असतो. बऱ्याच गाड्यांत तो डायनामोच्या पाठीवरच बसवतात. नळीच्या तोंडाशी एकाच बाजूने उघडणारी झडप असते. हवा डब्यातून बाहेर जाऊ शकते, परत येऊ शकत नाही.

ब्रेकवर पाय नसताना दोन्ही खोल्यांतली हवा ओढलेली असते. पडदा मध्ये गप्प उभा असतो. पाय दाबला, की पेडलच्या दांड्याजवळची झडप फिरते. मागच्या खोलीत बाहेरची हवा घुसते. पुढच्या खोलीत पोकळी, मागच्या खोलीत हवा. मग हवा पडद्याला पुढे ढकलते. पडदा मास्टर सिलिंडरच्या दांड्याला ढकलतो, ब्रेक ऑइल दाबले जाते आणि चारी चाकांचे ब्रेक लागतात. पाय दाबताना फस्स असा बारीक आवाज येतो, तो या हवेचा. तेवढ्याने घाबरू नये.

आता थोडा हिशेब करू. समजा पडद्याचा व्यास २४ सेंटीमीटर आहे. त्रिज्या १२. बारा गुणिले बारा १४४. त्याला ३.१४ ने गुणले, की क्षेत्रफळ आले सुमारे ४५२ चौरस सेंटीमीटर. डब्यातली सगळीच हवा निघत नाही. दोन खोल्यांत दर चौरस सेंटीमीटरला ७०० ग्रॅमचा फरक धरू. ४५२ गुणिले ७०० ग्रॅम म्हणजे ३१६ किलो. शंभर किलोची तीन पोती! तुमच्या पायाच्या मदतीला तीन पोत्यांचा भार उभा राहतो. बेल्जियमच्या आल्बेर देवांद्र या इंजिनियराने १९२७ च्या सुमारास ही युक्ती गाड्यांच्या ब्रेकसाठी पुढे आणली. आज जगभर लहान गाड्यांत ती दिसते.

एवढा भार आहे, आणि डबा मात्र पातळ पत्र्याचा. मग तो गाडीला बांधायचा कसा? या धड्यातली खरी गोष्ट हीच आहे.

घरातली पत्र्याची बादली आठवा. बादली कुठे गळू लागते? बुडाशी गंजून, नाहीतर कानाजवळ. कानाजवळच का? कारण बादलीभर पाण्याचे वजन त्या दोन कानांवर येते. पत्रा पातळ असतो. कान जिथे ठोकलेला असतो तिथे तो वाकतो, उलटा वाकतो, आणि शेवटी चिरतो. म्हणून चांगला कारागीर कानाखाली पत्र्याचा जाड तुकडा देतो आणि मग रिबीट ठोकतो. त्यामुळे भार पसरतो.

बूस्टरलाही असेच कान आहेत. मागच्या वाटीला बहुधा चार बोल्ट असतात. ते गाडीच्या पत्र्याच्या भिंतीतून आरपार जातात आणि आतल्या बाजूने, पेडलजवळ, त्यांना नट लावतात. पुढच्या वाटीला बहुधा दोन बोल्ट असतात. त्यांवर मास्टर सिलिंडर बसतो. या बोल्टांना फिटर लोक स्टड म्हणतात.

या स्टडची गंमत अशी, की त्याचे डोके डब्याच्या आत असते. डबा एकदा बंद झाला, की आत पाना जात नाही. नट फिरवताना स्टड आतल्या आत फिरला तर त्याला धरणार कोण? म्हणून कारखान्यात डबा जोडण्याआधीच स्टड पक्का करतात. कुठे डोक्याखाली दाते असतात आणि ते दाबून पत्र्यात रुतवतात. कुठे वेल्डिंगने चिकटवतात. पण तेव्हा डबा उघडा असतो आणि रबर आत बसवलेले नसते, हे लक्षात ठेवा. डोक्याखाली आतल्या बाजूने जाड पट्टी देतात. ती बादलीच्या कानाखालच्या तुकड्यासारखीच. आणि भोकातून हवा गळू नये म्हणून फट पूर्ण बंद करतात. बादलीला बारीक गळती चालते. या डब्याला सुईएवढीही चालत नाही.

ब्रेक दाबल्यावर काय ओढाताण होते ती पाहा. तेल दाबले जाते तेव्हा ते मास्टर सिलिंडरला उलटे पुढे रेटते. मास्टर सिलिंडर डब्याच्या तोंडाला बांधलेला. म्हणून तो पुढच्या वाटीचा मधला भाग पुढे ओढतो. त्याच वेळी बाहेरची हवा त्याच वाटीच्या कडेच्या भागाला मागे दाबते. मधला भाग पुढे, कडेचा भाग मागे. मागचे चार बोल्ट सगळ्या डब्याला भिंतीशी धरून ठेवतात, खुंटी ओढाळ गुराला धरते तसे. प्रत्येक ब्रेकला पत्रा किंचित वाकतो आणि परत येतो. घाटात हे किती वेळा होत असेल!

काही गाड्यांत यावर एक चांगला उपाय करतात. दोन लांब सळया डब्याच्या आरपार घालतात. एक टोक मास्टर सिलिंडरला, दुसरे गाडीच्या भिंतीला. ओढ सळया घेतात, पत्रा फक्त हवा धरतो. मग पत्रा आणखी पातळ आणि हलका घेता येतो. मात्र सळई पडद्यातूनही जाते, आणि पडदा तर पुढे-मागे सरकतो. म्हणून सळईभोवती हवाबंद रबर बसवावे लागते. एक अडचण सुटली की दुसरी उभी राहते. कारागिरीत असेच चालते.

आता माझ्यासमोर घडलेली गोष्ट सांगतो.

२०१६ सालच्या दिवाळीनंतर माझ्या पुतण्याच्या पिकअपचा मास्टर सिलिंडर गळू लागला. तो बदलायला गाडी रस्त्यावरच्या एका गॅरेजात नेली. दोन नटांपैकी एक गंजलेला होता. पाना लावला तर नटाबरोबर स्टडही गरगर फिरू लागला. नट निघेना. मिस्त्री म्हणाला, “डबा नवा टाका.” पुतण्या म्हणाला, “नव्याला पैसे पडतात. काहीतरी करून भागवा. उद्या कांदा भरायचाय.” मिस्त्रीने मान डोलावली. बाहेरूनच स्टडच्या मुळाशी वेल्डिंगचा टाका मारला. नट निघाला. नवा सिलिंडर बसला. गाडी सुरू झाली, ब्रेक लागला. सगळे खूष. मीही तिथेच चहा पीत बसलो होतो. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

आठवड्याने मी त्याच्याबरोबर चिपळूणला निघालो. मागे कांद्याची पोती. हेळवाक सोडले आणि कुंभार्ली घाट उतरू लागलो. पायाशी बारीक सूं असा आवाज येत होता. मला वाटले, वारा असेल. दुसऱ्या वळणावर पुतण्या म्हणाला, “काका, पेडल दगडासारखं झालंय.”

“दाब की जोरात!” मी म्हटले.

“दोन्ही पायांनी दाबतोय.”

पोराने डोके शाबूत ठेवले. गाडी न्यूट्रल केली नाही, इंजिन बंद केले नाही. एकेक गियर खाली आणला. इंजिन ओरडू लागले, पण वेग कमी झाला. मग हळूहळू हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दरीच्या बाजूला नाही. चार पोती रस्त्यावर सांडली. आम्हाला खरचटलेही नाही. पण माझे पाय अर्धा तास कापत होते, हे लपवत नाही.

पुढे डबा काढून, कापून पाहिला. वेल्डिंगच्या टाक्याच्या कडेने पत्र्याला केसाएवढी चीर गेली होती. तापवलेला पातळ पत्रा कडक होतो आणि वाकता वाकता तिथेच चिरतो. आत पडद्यावर रुपयाएवढा जळका डाग होता. रबर बोटाने चुरत होते. चिरेतून हवा आत शिरत होती. पंप जेवढी ओढी, तेवढी परत येई. पोकळी राहिली नाही. तीन पोत्यांची मदत गेली आणि उरला फक्त पुतण्याचा पाय.

मिस्त्रीला मी फारसा दोष देत नाही. तो खरे तेच आधी बोलला होता. घाई आमची होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. बूस्टर बिघडला म्हणजे ब्रेक तुटला असे नाही. पेडलपासून मास्टर सिलिंडरपर्यंत दांडा आहेच. पण पायाला कितीतरी पट जोर लावावा लागतो. रिकाम्या गाडीला, सपाट रस्त्यावर, भागते. भरल्या गाडीला, उतारावर, बहुधा भागत नाही. इंजिन बंद केले तरी असेच होते. डब्यात साठलेल्या पोकळीवर एखाद-दोन ब्रेक नीट लागतात, मग पेडल कठीण होते. डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणारे लोक मी पाहिले आहेत. वाचवतात किती? फार तर चहाचे पैसे.

वर्गात एका ताईंनी विचारले, “गुरुजी, आम्ही कुठं गाडी चालवतो? आम्ही आपल्या मागं बसतो. आम्हाला याचा काय उपयोग?” उतारावर इंजिनाचा आवाज थांबला, तर तो मागे बसलेल्यालाही कळतो. तेव्हा मोठ्याने सांगावे, “दादा, गाडी सुरू ठेवा.” भाडे दिले आहे, बोलायला संकोच कसला?

गाडी ज्याची आहे, त्याने मात्र आणखी काही गोष्टी पाहाव्यात. डब्याला बाहेरून वेल्डिंग करू देऊ नये. नवे भोकही पाडू देऊ नये. स्टड फिरू लागला तर जळका टाका नको. नट छिन्नीने किंवा नट फोडायच्या हत्याराने फोडता येतो, पण फिरलेला स्टड परत भरवशाचा राहत नाही, म्हणून डबाच बदलावा. जुना डबा उघडून नीट करायच्या भानगडीत पडू नये. कडा एकदा उचकटल्या की पहिल्यासारख्या बसत नाहीत. नट आवळताना पान्याला पाइप घालून जोर करू नये. पातळ पत्र्यातून स्टड ओढला जातो, मग आतली पट्टीही वाकते. किती आवळायचा ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते आणि तेवढाच ताण देणारा पाना मिळतो. तो ज्या गॅरेजात आहे तिथे काम द्यावे.

मास्टर सिलिंडर आणि डबा यांच्यामध्ये मनाने जाड वायसर किंवा पुठ्ठा घालू नये. आतल्या दांड्याला मोजून फट ठेवलेली असते. फट वाढली तर पेडल खोल जाते. फट मुळीच उरली नाही तर ब्रेक धरून राहतात आणि चाके तापतात. तिथे एक रबरी कडी असते, ती दर वेळी नवी घालावी. सिलिंडरच्या बुडाशी तेलाचा ओघळ दिसला तर उशीर करू नये. ब्रेक ऑइल डब्याचा रंग खाते, मग पत्रा गंजतो, आणि गंजलेल्या नटाची गोष्ट तुम्ही वर वाचलीच. रबरी नळीला चीर आहे का, तिची क्लिप सैल आहे का, तेही पाहावे. ते काम दोन मिनिटांचे आहे.

डबा ठीक आहे की नाही हे पायानेच कळते. पाना लागत नाही, पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागी उभी करा. चाकाला दगडाची उटी लावा.

पहिली परीक्षा. इंजिन बंद ठेवा. ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कठीण होईल. आता पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडे खाली गेले, तर बूस्टर काम करतो आहे.

दुसरी परीक्षा. इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करा. मग थांबत थांबत ब्रेक दाबा. पहिल्या वेळी पेडल खूप खाली जाईल. दुसऱ्या वेळी त्याहून कमी, तिसऱ्या वेळी आणखी कमी. असे झाले तर डबा हवा धरतो. पहिल्याच वेळी पेडल कठीण लागले तर हवा गळते आहे.

तिसरी परीक्षा. इंजिन सुरू असताना ब्रेक दाबून धरा. तसाच पाय ठेवून इंजिन बंद करा आणि सावकाश तीस अंक मोजा. पेडल पायाला वर ढकलू लागले तर डबा, नळी आणि नळीची झडप, तिन्ही तपासून घ्या.

पुतण्या आता पहिली परीक्षा रोज सकाळी करतो. गाडी सुरू करायच्या आधी ब्रेक पाच वेळा दाबतो, मग चावी फिरवतो. शेजारची पोरे त्याला विचारतात, “दादा, गाडीला व्यायाम शिकवता का?” तो त्यांना बॉनेट उघडून काळा डबा दाखवतो.